काही चर्चमध्ये क्रूसावर येशूची मूर्ती, काहींत नुसता क्रूस. देव वेगळा की पंथ?

देव एकच, पंथ वेगळे: मूर्ती असलेला क्रूस बहुधा कॅथलिकांचा, नुसता क्रूस बहुधा प्रोटेस्टंटांचा. मी बेळगावच्या कॅथलिक घरातला, लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवलं ते सांगतो. मिस्सा (आमची चर्चमधली मुख्य उपासना) म्हणजे क्रूसावरच्या त्याच बलिदानात सामील होणं, अशी आमची श्रद्धा. म्हणून वेदीवर किंवा वेदीजवळ मूर्तीसह क्रूस असावाच लागतो. बेळगावच्या फातिमा कॅथीड्रलला, म्हणजे आमच्या मुख्य चर्चला गेलात तर हे लक्षात येईल. अशा मूर्तीच्या डोक्यावर बहुतेक वेळा छोटी पाटी असते, तिच्यावर ‘आय एन आर आय’ ही चार लॅटिन अक्षरं: ‘नासरेथकर येशू, यहुद्यांचा राजा’. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानानुसार (19:19-20) रोमन सुभेदार पिलाताने हा मजकूर हिब्रू, लॅटिन आणि ग्रीकमध्ये लावला होता. गुड फ्रायडेला लोक रांगेने येऊन याच मूर्तीच्या पायांचं चुंबन घेतात. मेथडिस्ट आणि इतर प्रोटेस्टंट चर्चमध्ये मात्र भर पुनरुत्थानावर. येशू क्रूसावर राहिला नाही, उठला, म्हणून क्रूस रिकामा. शिवाय मूर्ती नको याला बायबलमधल्या दहा आज्ञांचा आधारही आहेच. (पुनरुत्थान आम्हीही मानतो, उगाच गैरसमज नको.)

पण हा नियम सरसकट लावू नका. बरेच लुथरन प्रोटेस्टंट असूनही मूर्ती ठेवतात. आणि गोव्याकडे जाताना रस्त्याकडेला दिसणारे चुना मारलेले, झेंडूचा हार घातलेले क्रूस बहुतेक कॅथलिकांचेच, तरी त्यांवर सहसा मूर्ती नसते.