‘ये रे ये रे पावसा’ या बडबडगीताचा आशय कोणता, आणि पैसा खोटा झाल्यावर पाऊस मोठा का येतो?

आपण या गीताचा आशय आणि त्यातील अलंकार विचारले आहेत, आणि त्यासोबत अशी शंकाही मांडली आहे की, देऊ केलेला पैसा खोटा निघाल्यावर पाऊस रुसायला हवा होता, तो उलट मोठा का आला. माझ्या मते या शंकेतच गीताचे मर्म आहे. संदर्भासाठी गीत आधी पूर्ण देतो. घरोघरी एखाददुसरा शब्द बदलतो, पण आमच्याकडे ते असे म्हटले जाई :

ये रे ये रे पावसा, तुला देतो पैसा,
पैसा झाला खोटा, पाऊस आला मोठा.
ये ग ये ग सरी, माझे मडके भरी,
सर आली धावून, मडके गेले वाहून.

परीक्षेच्या दृष्टीने जे लिहावे लागते ते थोडक्यात सांगतो. निर्जीव पावसाला सजीव मानून त्याच्याशी बोलणे हा चेतनगुणोक्ती अलंकार आहे. पावसा–पैसा, खोटा–मोठा, सरी–भरी, धावून–वाहून ही यमके आहेत; त्यांतील खोटा–मोठा हे काटेकोर यमक नव्हे, कारण एकीकडे ट आहे आणि दुसरीकडे ठ. पण दोन्ही वर्ण एकाच वर्गातले असल्याने कानाला ते खटकत नाही. ‘प’ची आवृत्ती पहिल्या कडव्यात अनुप्रास साधते. एवढे लिहिले तर गुण मिळतील, पण गीत हातात आले असे म्हणता येणार नाही.

खरी गंमत व्याकरणापासून सुरू होते. पाऊस हा शब्द पुल्लिंगी म्हणून त्याला ‘ये रे’ अशी हाक, आणि सर हा शब्द स्त्रीलिंगी म्हणून तिला ‘ये ग’. आकाशातून पडणारे पाणी एकच, पण मराठीने त्याला दोन लिंगांची दोन नावे दिली आणि गीताने त्या दोन नावांचे दोन सवंगडी केले. नादही त्याच वाटेने जातो : पहिल्या कडव्यातील चारही चरण ‘आ’वर संपतात, आणि दुसऱ्या कडव्यात सरीला हाक मारताच स्वर ‘ई’कडे वळतो. मराठीतील पुल्लिंगी आकार आणि स्त्रीलिंगी ईकार ज्याच्या कानात जन्मापासून बसले आहेत, त्याला हा बदल कोणी समजावून सांगावा लागत नाही.

छंदाबद्दल अनेकांचा गोंधळ होतो. अक्षरे मोजली तर पहिल्या कडव्याच्या चार चरणांत ती अनुक्रमे ७, ६, ६, ७ भरतात आणि दुसऱ्या कडव्यात ६, ७, ७, ८. म्हणजे अक्षरांचा नियम येथे लागू पडत नाही. टाळ्या वाजवून म्हणून पाहा, म्हणजे प्रत्येक चरणात नेमक्या चार टाळ्या बसतात : ये रे / ये रे / पाव / सा, तुला / देतो / पै / सा. पहिल्या दोन टाळ्या भरगच्च असतात आणि शेवटच्या दोन टाळ्यांवर एकच शब्द लांबवला जातो. हे लांबवलेले शब्द ओळीने लिहून काढले तर मिळतात ते असे : पावसा, पैसा, खोटा, मोठा, सरी, भरी, धावून, वाहून. सगळी कथा या आठ शब्दांत आहे, आणि जे मूल अजून पूर्ण वाक्य बोलत नाही तेही हेच शब्द मोठ्यांच्या मागून ओढून म्हणते.

आता आपली शंका. ‘ये, तुला अमुक देतो’ ही भाषा मूळची कोणाची? ती मोठ्यांची आहे. ‘ये रे बाळा, तुला खाऊ देतो’ असे म्हणून मुलाला जवळ बोलावायचे आणि बऱ्याचदा खाऊ द्यायचाच नाही, हा अनुभव प्रत्येक मुलाच्या पदरी असतो. गीतात मूल तीच युक्ती पावसावर चालवते. पाऊस धाकटा आणि मूल थोरले, अशी उलटापालट होते. पैसा खोटा निघणे हा त्या युक्तीचाच भाग आहे. नवस बोलून तो न फेडण्याचा प्रकारही याच जातीचा म्हणता येईल. त्यामुळे मोठा आलेला पाऊस हा फसवले गेल्याचा राग आहे, असे कोणी म्हणते. पावसाला पैशाची गरजच नव्हती, तो आपल्या मर्जीने आला, असेही कोणी म्हणते. मला दुसरे वाचन अधिक पटते, कारण गीतात रागाची एकही खूण नाही आणि दुसऱ्या कडव्यात काही देऊ केलेले नसतानाही सर धावतच येते.

येथे ‘पैसा’ म्हणजे धन असा अर्थ घेऊ नये. पैसा म्हणजे एक नाणे. १९५७ साली दशमान नाणेपद्धती येईपर्यंत एका रुपयाचे ६४ पैसे होत, म्हणजे मूल देऊ करते ती त्याच्या मुठीत मावणारी क्षुल्लक वस्तू आहे. (३० जून २०११ पासून २५ पैसे व त्याखालील सर्व नाणी चलनातून बाद झाली, तेव्हा तो पैसा आता कायद्यानेही चालत नाही.)

क्रियापदांचे काळही पाहण्यासारखे आहेत. ‘ये’ ही आज्ञा, ‘देतो’ हे वचन, आणि लगेच ‘झाला’, ‘आला’ हे घडून गेलेले. मागणे आणि परिणाम यांच्यामध्ये पाऊस कसा आला याचे वर्णनच नाही. ढग, वीज, मोर, बेडूक यांपैकी काहीही नाही. संपूर्ण गीतात गुणविशेषणे दोनच आहेत, खोटा आणि मोठा, आणि ती दोन्ही चरणाच्या शेवटी, लांबवलेल्या जागी येतात.

आशयाच्या अंगाने दुसरे कडवे मला पहिल्यापेक्षा अधिक खोल वाटते, जरी शाळेच्या संमेलनात लक्ष वेधून घेते ते पहिलेच. मागणे आहे एका मडक्याएवढ्या पाण्याचे. सर येते, मागितल्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी आणते, आणि ज्यात ते भरायचे ते मडकेच वाहून जाते. एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माण तालुक्यात तो ५०० च्या आसपास राहतो. अशा मुलखात पाण्याचे मागणे नेमक्या मापाने पुरे होणे ही दुर्मिळ गोष्ट आहे. पाऊस ओढ देतो तेव्हा गावोगावी ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत घरोघर फिरण्याची जी प्रथा होती, तिच्यात याचना आहे. या गीतात याचना नाही. मडके गेल्यावर मूल रडत नाही, नवे मडके मागत नाही; ‘वाहून’ हा शब्द शेवटच्या दोन टाळ्यांवर लांबवते आणि पुन्हा ‘ये रे ये रे’पासून सुरुवात करते.