दाढी केल्यावर मानेवर आग होते? आधी केसांची दिशा बघ

घाबरू नकोस, सुरुवातीला माझीही मान अशीच लालभडक व्हायची. नवा रेझर लगेच घेऊ नकोस. दोन दिवस दाढी वाढू दे आणि मग मानेवरून बोटं फिरव. ज्या बाजूला गुळगुळीत लागेल, ती केसांची दिशा. गालावर केस खाली वाढतात, पण कंठमण्याच्या खाली बऱ्याच जणांचे आडवे किंवा चक्क वर जातात. सगळा घोटाळा तिथेच होतो. ब्लेड त्याच दिशेने चालव, उलटा हात सध्या नकोच. थोडी खुंटं राहिली तर राहू देत.

दाढी आंघोळीनंतर कर, केस पाणी पिऊन मऊ झालेले असतात.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- रेझर दाबणं. त्याचं स्वतःचं वजन पुरतं.
- फेस निघालेल्या जागी परत ब्लेड फिरवणं.
- एकच ब्लेड महिनाभर ओढणं. पाच-सात दाढ्या झाल्या की बदल.
- वर झोंबणारं आफ्टरशेव्ह. त्यापेक्षा गार पाणी आणि बिनवासाचं मॉइश्चरायझर.

पुटकुळ्या आल्याच तर नखाने उकरू नकोस, दाढीला आठवडाभर सुट्टी दे. पू धरला तर मात्र सरळ त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.