वाचकांचे प्रश्न : देखणी वेबसाइट, जपून वापरायचे शब्द

प्रश्न : एका नाट्यसंस्थेची वेबसाइट करतो आहे. पदाधिकाऱ्यांना पांढऱ्यावर फिकट राखाडी, बारीक अक्षरं आणि केशरी बटणं हवीत. कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक) वाढवू म्हटलं की ‘सरकारी दिसेल’ असं उत्तर येतं. त्यांना कसं पटवू? — वेबडिझायनर, पुणे

उत्तर : आवडीनिवडीवर वाद घालू नका, आकडे समोर ठेवा. वेबसाइट अपंगत्व असलेल्यांनाही वापरता यावी, म्हणजे ‘सुलभ’ असावी, यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या ‘डबल ए’ पातळीला साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट लागतो. अक्षर २४ पिक्सेलचं किंवा त्याहून मोठं असेल (ठळक असेल तर साधारण १८.७ पिक्सेल), तर ३:१ चालतो. तुमच्या पदाधिकाऱ्यांचा ‘फिकट राखाडी’ बहुधा (० ते २५५ च्या मापावर) लाल, हिरवा, निळा तिन्ही १५३ असा असेल. पांढऱ्यावर तो जेमतेम २.८५:१ भरतो. तिन्ही ११९ केले तर ४.४८, म्हणजे थोडक्यात नापास. ११८ वर ४.५४, पास. तिन्ही ८९ केले की थेट ७:१. तोही राखाडीच आहे आणि काळ्याहून सौम्य दिसतो. दोन्ही छटांत तोच परिच्छेद छापा आणि बैठकीत, ट्यूबलाइटखाली, साठी ओलांडलेल्या सभासदांच्या हातात द्या. नाटकाची तिकिटं बहुतेक तेच काढतात.

केशरीचं गणित आणखी वाईट आहे. वेबवर सर्रास वापरतात ती छटा (२५५, १५३, ५१) घेतली, तर तिच्यावरच्या पांढऱ्या अक्षरांना फक्त २.१:१ मिळतो. मोठ्या अक्षरांनाही तो पुरत नाही. त्याच बटणावर काळी अक्षरं ठेवलीत तर साधारण ९.९:१. पांढरीच हवी असतील तर केशरी गडद करा : १७९, ७१, ० या छटेवर ५.५:१ मिळतो आणि रंग विटकरीकडे झुकतो. लोगोला हा नियम लागू नाही, त्यामुळे संस्थेचा मूळ केशरी तिथे निर्धास्त राहू द्या.

आता बारीक अक्षरांबद्दल. ही फॅशन रोमन लिपीच्या मांडणीतून आली आणि देवनागरीवर तशीच चढवली गेली. तिथून बहुतेक त्रास सुरू होतो. ‘लाइट’ वजनाच्या, म्हणजे बारीक रेघेच्या, फॉन्टमध्ये १४ पिक्सेलला ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक धूसर होतो, अनुस्वार तर स्वस्त मोबाइलवर नाहीसाच होतो. वजन ४०० (‘रेग्युलर’) च्या खाली नेऊ नका आणि इंग्रजी १६ पिक्सेल असेल तिथे मराठी १८ ठेवा. ओळींमधलं अंतर अक्षराच्या मापाच्या १.२ पट ठेवलंत तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो. १.६ पासून सुरुवात करा. आणि इंग्रजी शीर्षकांसारखं अक्षरांमध्ये अंतर टाकायचा मोह अजिबात नको. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे सुटे दात होतात. हे अंतर शून्यच ठेवा. मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरीसारखे फॉन्ट मोफत आहेत आणि या मापांत नीट बसतात.

‘सरकारी’ दिसण्याची भीती खरी आहे, पण त्याचं खापर कॉन्ट्रास्टवर फोडू नका. सरकारी वेबसाइट तशी दिसते ती सरकत्या पट्ट्या, लुकलुकणारं ‘नवीन’ आणि एका पानावरच्या चाळीस लिंकांमुळे. हे तिन्ही सुलभतेच्याही आड येतात. आपोआप सुरू होणारी आणि पाच सेकंदांपेक्षा जास्त चालणारी कुठलीही हालचाल थांबवायचं बटण हवंच. मुळात ती पट्टी काढली तर पान देखणंही होईल.

जाता जाता दोन गोष्टी. डिझाइनमध्ये ‘घाण दिसते’ म्हणून निवडलेल्या घटकाभोवतीची चौकट सीएसएसमधून (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमधून) काढून टाकतात. मग माऊस न वापरणाऱ्याला आपण पानावर कुठे आहोत हेच कळत नाही. काढायची असेल तर तिच्या जागी स्वतःची घाला : ३ पिक्सेल जाड, पार्श्वभूमीशी किमान ३:१. सीएसएसमधलं ‘फोकस-व्हिजिबल’ वापरलंत तर माऊसने बटण दाबणाऱ्याला ती एरवी दिसतही नाही, म्हणजे पदाधिकारीही खूश. दुसरं, अर्जातल्या रकान्याचं नाव रकान्याच्या आत फिकट अक्षरांत लिहू नका. टाइप करायला लागलं की ते पुसलं जातं, आणि तिसऱ्या रकान्यात काय मागितलं होतं हे आठवत बसावं लागतं. नाव रकान्याच्या वर, कायमचं ठेवा.

प्रश्न : आमच्या तालुका पातळीवरच्या साप्ताहिकाची वेबसाइट आहे. एका अंध वाचकाने कळवलं की त्यांच्या स्क्रीन रीडरवर (मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) आमची जुनी पानं अगम्य ऐकू येतात आणि नवी पानं इंग्रजी ढंगात. पानं तर स्क्रीनवर व्यवस्थित दिसतात. — उपसंपादक, जि. सातारा

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत.

जुन्या पानातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा उमटला, तर मजकूर युनिकोडमध्ये (अक्षरं साठवायच्या सार्वत्रिक पद्धतीत) नाही. तो श्रीलिपीच्या जुन्या, कृतिदेव किंवा शिवाजी अशा एखाद्या फॉन्टमध्ये आहे. या फॉन्टांत मराठी अक्षर फक्त दिसतं, साठवलेलं असतं रोमन अक्षर. स्क्रीन रीडर फॉन्ट बघत नाही, साठवलेलं वाचतो. (गूगललाही तो मजकूर मराठी म्हणून सापडत नाही. मालकांना खर्चासाठी तयार करायचं असेल तर हा मुद्दा आधी मांडा.)

तो मजकूर युनिकोडमध्ये न्यायला फॉन्टनुसार वेगळा कन्व्हर्टर लागतो, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. रूपांतरात चुका होतात त्या ठरलेल्या जागी. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराआधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवतात. रफाराचं उलट : जुन्यात तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. म्हणून पूर्ण मजकूर तपासायला वेळ नसेल तर ‘निर्मिती’, ‘कार्यालय’, ‘वर्षी’, ‘शिक्षण’, ‘ऱ्हास’ असे शब्द शोधून बघा. तिथे बरोबर आलं तर बाकीचं बहुधा बरोबर असतं. एकदम सगळा संग्रह हाती घेऊ नका. सर्वाधिक वाचली जाणारी पानं आधी करा.

नव्या पानांचा इलाज एका ओळीचा आहे. पानाच्या एचटीएमएल कोडच्या पहिल्या टॅगमधला ‘लँग’ हा गुणधर्म बघा. तयार साचा घेतलेला असला तर तिथे ‘ईएन’ राहिलेलं असणार, म्हणून इंग्रजी आवाज मराठी वाचायचा प्रयत्न करतो. तिथे ‘एमआर’ करा. हिंदी साइटवरून साचा उचलला असेल तर ‘एचआय’ असतं आणि हिंदी आवाज मराठी वाचू लागतो, तेही नको. पूर्ण इंग्रजी उतारा मध्ये आला तर तेवढ्यापुरता त्याला ‘ईएन’ द्या. ‘मोबाइल’, ‘बजेट’ अशा मराठीत रुळलेल्या शब्दांना देऊ नका, नाहीतर आवाज वाक्यावाक्यात बदलत राहतो.

जाहीर नोटिसा तुम्ही चित्र म्हणून टाकत असाल, तर त्या स्क्रीन रीडरला रिकाम्या आहेत. नोटिशीचा पूर्ण मजकूर चित्राखाली टाइप करून द्या. पीडीएफ करताना वर्डमधून ‘सेव्ह ॲज’ वापरा. ‘प्रिंट’मधून पीडीएफ केली की शीर्षकं आणि तक्त्यांची रचना गळून पडते.

तपासायला वेगळा खर्च नाही. एनव्हीडीए हा विंडोजवरचा स्क्रीन रीडर मोफत आहे आणि त्याच्यासोबत येणारा ईस्पीक एनजी हा संगणकी आवाज मराठी वाचतो. आवाज यांत्रिक वाटेल, पण रोज ऐकणाऱ्याला तो पुरतो. अँड्रॉइड फोनवर सेटिंग्जमध्ये सुलभता विभागात टॉकबॅक हा स्क्रीन रीडर आहे : उजवीकडे बोट सरकवलं की पुढचा घटक, दोनदा टिचकी मारली की निवड. बंद कसं करायचं ते आधी वाचून ठेवा, नाहीतर फोन तुमच्या ताब्यात राहणार नाही.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या नावातच ‘मतिमंद’ आहे. वेबसाइटवर ‘दिव्यांग’ लिहावं, ‘अपंग’ की ‘विशेष मुलं’? आणि नाव बदलायलाच हवं का? — विश्वस्त, जि. सांगली

उत्तर : नोंदणीकृत नाव बदलायची प्रक्रिया धर्मादाय आयुक्तांकडे होते आणि तिला वेळ लागतो. तोवर ते नाव पावत्या, नोंदणी क्रमांक आणि पानाच्या तळाशी असू द्या. बाकी सगळीकडे ‘बौद्धिक अक्षमता असलेली मुलं’ लिहा. पण पालक गूगलवर अजून जुनाच शब्द टाकतात, त्यामुळे ‘पूर्वी मतिमंद असा उल्लेख होत असे’ हे एक वाक्य माहितीच्या पानावर ठेवा. तेवढ्याने शाळा सापडते.

‘दिव्यांग’ हा शब्द डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी सुचवला, मग केंद्राच्या विभागाच्या नावात आला. महाराष्ट्रानेही डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग केला. योजना, प्रमाणपत्र, विभाग यांसाठी तोच लिहावा, दुसरा लिहिलात तर अर्ज करणाऱ्याचा गोंधळ होतो. व्यक्तींबद्दल मात्र एकमत नाही. ‘दिव्य’ म्हणवून घेणं अनेकांना नकोसं वाटतं, तर ‘अपंग’ अनेकांना बोचतं. आमचा कल असा : शक्य तिथे नेमकं लिहा. अंध, अल्पदृष्टी, कर्णबधिर, सेरेब्रल पाल्सी असलेली, व्हीलचेअर वापरणारे. ‘अंध’ लिहायला कचरू नका, ‘दृष्टिहीन बांधव’ अशा गोडव्याची गरज नसते. एका व्यक्तीविषयी लिहिताय तर तिलाच विचारा. ‘मूकबधिर’ टाळा : ऐकू न येणाऱ्या बहुतेकांच्या वाचेत दोष नसतो, ते बोलतात किंवा सांकेतिक भाषा वापरतात. ‘कुष्ठरोगी’च्या जागी ‘कुष्ठमुक्त व्यक्ती’, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत तसाच उल्लेख आहे. ‘ग्रस्त’ आणि ‘पीडित’ही काढा. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये निपुण मल्होत्रा खटल्यात चित्रपट आणि दृश्य माध्यमांना हेच सांगितलं होतं. ‘विशेष मुलं’ पालकांना आवडतं, पण मूल वीस वर्षांचं झालं की त्याचं काय करायचं?

शब्दांची यादी बदलूनही एक गोष्ट राहतेच, आणि आमच्या मते मराठीत तीच सर्वात जास्त खुपते : एकेरी. त्याच पानावर अध्यक्ष ‘ते’ असतात, डॉक्टर ‘त्या’ असतात, आणि पस्तीस वर्षांचे अंध शिक्षक ‘हा मुलगा’. आपल्या साइटवर ‘तो’ आणि ‘ती’ शोधा आणि प्रत्येकाचं वय बघा. प्रौढांना सरसकट आदरार्थी बहुवचन द्या. ‘नॉर्मल मुलं’ असेल तिथे ‘इतर मुलं’. ‘अपंगत्वावर मात’ हे शीर्षक तर निवृत्त करायला हवं. बातमी बँकेतल्या नोकरीची असेल तर शीर्षकही नोकरीचंच द्या.

आणि देणगीचं पान चकचकीत, पण प्रवेशअर्ज स्कॅन केलेली पीडीएफ, असं असेल तर आधी तो अर्ज दुरुस्त करा. शब्द पुढच्या आठवड्यात बदलले तरी चालेल.

प्रश्न : एक कंपनी म्हणते, त्यांचं बटण साइटवर बसवलं की साइट आपोआप सुलभ होते. घ्यावं का? — लघुउद्योजक, नाशिक

उत्तर : नाही. अक्षर मोठं करणं, रंग उलटे करणं हे ज्यांना लागतं त्यांच्या फोनमध्ये आणि संगणकात आधीच असतं. नाव नसलेला रकाना, चित्रातली नोटीस यांवर अशा बटणाचा भरवशाचा इलाज नसतो, उलट ते स्क्रीन रीडरच्या मध्ये येऊ शकतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये याच प्रकारच्या दाव्यांबद्दल ॲक्सेसिबी या कंपनीकडून १० लाख डॉलर वसूल करण्याचा आदेश प्रस्तावित केला, एप्रिलमध्ये तो अंतिम झाला. बटणाचे पैसे डेव्हलपरच्या दोन दिवसांवर खर्च करा. त्याला सांगा, माऊस काढून ठेव आणि टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, स्पेस, एस्केप एवढ्यावर एक ऑर्डर पूर्ण करून दाखव. मग ब्राउझर ४०० टक्के मोठा करून पुन्हा. कुठे अडलं ती यादी म्हणजे तुमचं काम.

प्रश्न : खासगी वेबसाइटला कायदा लागू आहे का? — वाचक, ठाणे

उत्तर : हो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम ४६ सरकारी आणि खासगी, दोन्ही सेवा पुरवठादारांना सुलभतेचे नियम पाळायला सांगतं. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवा वापरता येणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. तिथला मुद्दा अगदी साधा होता : केवायसी करताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवा असं सांगितलं जातं, आणि ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्यांना ते शक्य नसतं.

प्रश्न : फोटोच्या पर्यायी मजकुरात (स्क्रीन रीडरसाठी दिलेल्या वर्णनात) व्यक्तीचं अपंगत्व लिहावं का? — ग्रंथालय कर्मचारी, पणजी

उत्तर : फोटो कशासाठी लावलाय त्यावर ठरवा. नव्या रॅम्पची बातमी असेल तर ‘व्हीलचेअर वापरणाऱ्या वाचक नव्या रॅम्पवरून आत येत आहेत’ हे बरोबर. वार्षिक सभेच्या फोटोत त्याच बाई तिसऱ्या खुर्चीत बसल्या असतील, तर तिथे इतरांसारखं नाव आणि पद पुरे. ‘चा फोटो’ हे शब्द नकोत, स्क्रीन रीडर ते चित्र असल्याचं आधीच सांगतो. कोपऱ्यातल्या वेलबुट्टीला पर्यायी मजकूर रिकामा ठेवा, पण कोडमधला ‘आल्ट’ हा त्याचा गुणधर्म गाळू नका. गाळलात तर काही स्क्रीन रीडर फाइलचं नाव, आकड्यांसकट, वाचून दाखवतात.