वाचकांचे प्रश्न : घराच्या रक्षणासाठी कोणती बंदूक घ्यावी?

प्रश्न : आम्ही ग्वाल्हेरला लष्कर भागात एका जुन्या वाड्यात राहतो. मी बँकेतून निवृत्त झालो असून माझे वय ६६ आहे. घरात पत्नी, सून, १४ वर्षांचा नातू आणि सहा वर्षांची नात असते; मुलगा नोकरीनिमित्त नोएडाला असतो. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या वाड्यात रात्री चोर शिरले आणि तेव्हापासून पत्नीची झोप उडाली आहे. माझे साडू म्हणतात की मुलाच्या नावावर पिस्तुलाचा परवाना काढून ते घरी ठेवावे. एक परिचित .३१५ रायफलीचा आग्रह धरतात. वडिलांची दुनळी बंदूक त्यांच्या निधनानंतर गेले काही महिने परवानाधारक विक्रेत्याकडे जमा आहे. यांपैकी काय घ्यावे? — एक वाचक, लष्कर

उत्तर : आपल्याला मिळालेला प्रत्येक सल्ला शस्त्रापासून सुरू होतो आणि घरापर्यंत पोहोचतच नाही. माझ्या मते विचार उलट्या दिशेने व्हायला हवा. शस्त्र कोणाच्या हातात असेल, कोणत्या भिंतींच्या आत चालेल आणि ज्या असंख्य रात्री काहीच घडणार नाही त्या रात्री ते कोठे ठेवलेले असेल, हे आधी ठरवावे; मग कोणती बंदूक हा प्रश्न बराचसा सुटतो.

प्रथम मुलाच्या नावावरील परवान्याविषयी, कारण हा सल्ला आपल्याला अडचणीत आणणारा आहे. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवाना व्यक्तीला मिळतो, घराला मिळत नाही. नोएडाला राहणाऱ्या मुलाचे पिस्तूल ग्वाल्हेरच्या कपाटात ठेवणे आणि वेळ आली तर ते आपण वापरणे यात मुलाकडून परवान्याच्या अटींचा भंग होतो आणि आपल्याकडे विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा ठपका येतो. जो घरात राहतो आणि शस्त्र चालवणार आहे, त्यानेच अर्ज करावा. आपल्या घरात आज ती व्यक्ती आपण स्वतः किंवा आपली सून आहे, आणि सूनबाईंना या चर्चेत कोणी विचारलेले आपल्या पत्रातून तरी दिसत नाही. त्यांना अवश्य विचारावे.

.३१५ रायफलीला आपल्या भागात जो मान आहे, त्याचे मूळ कायद्यात आहे. सैन्याची .३०३ आणि ९ मिलिमीटरची शस्त्रे प्रतिबंधित बोअरमध्ये (म्हणजे सामान्य नागरिकाला परवाना न मिळणाऱ्या नळीच्या मापांत) मोडतात, त्यामुळे सामान्य परवानाधारकाला ईशापूरच्या सरकारी कारखान्यातील .३१५ हीच रायफल ओळखीची झाली. ती मोकळ्या रानासाठी आणि दूरच्या नेमासाठी बनवलेली आहे. लष्कर भागातील जुन्या वाड्यांच्या बाहेरच्या भिंती दगडी आणि रुंद असल्या तरी वाटण्या झाल्यावर आत घातलेल्या भिंती चार इंची विटांच्या, कोठे कोठे नुसत्या प्लायवूडच्या असतात. रायफलीची गोळी अशी भिंत ओलांडून पलीकडे झोपलेल्या माणसापर्यंत जाते, आणि दगडावर तिरकी लागली तर कोणीकडे वळेल हे सांगता येत नाही. दाट वस्तीत, भाडेकरू आणि भाऊबंद भिंतीला भिंत लावून राहत असताना, घराच्या रक्षणासाठी रायफल घेणे मला सरळ चुकीचे वाटते.

पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांना लोक एकच समजतात, पण घरगुती वापरात त्यांच्यात मोठा फरक आहे. सामान्य नागरिकाला मिळणारी ही दोन्ही शस्त्रे बहुधा .३२ बोअरची असतात. पिस्तुलात मॅगझिन (काडतुसांचा कप्पा) काढून घेतल्यावरही एक काडतूस नळीच्या मागच्या घरात राहू शकते. पिस्तूल रिकामे झाले असे समजून चाप ओढला जातो आणि घरातलाच माणूस जखमी होतो. शिवाय त्याचा वरचा सरकता भाग मागे ओढण्यास बोटांत जोर लागतो, आणि आपल्या वयात संधिवात असेल तर तोच भाग अर्ध्यावर अडकतो. रिव्हॉल्व्हरचे चक्र उघडले की काडतुसे आहेत की नाहीत हे डोळ्यांना दिसते, म्हणून या दोहोंत मी रिव्हॉल्व्हर अधिक बरे मानतो. तरीही आखूड नळीच्या कोणत्याही शस्त्राने घाबरलेल्या माणसाचा नेम पाच-सहा पावलांवरही चुकतो. मला अधिक काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. उशीखाली किंवा कपड्यांच्या घडीत मावणारे शस्त्र १४ वर्षांच्या मुलाला सर्वांत आधी सापडते, आणि त्या वयातील राग किंवा निराशा अनेकदा घरच्यांच्या लक्षातही येत नाही.

उरली वडिलांची दुनळी. घरासाठी बंदूक घ्यायचीच असेल तर १२ बोअरची दुनळी हीच त्यातल्या त्यात योग्य आहे. ती मधून उघडली की दोन्ही नळ्यांतून आरपार दिसते, दोनच काडतुसे असल्याने मोजण्यात चूक होत नाही, आणि तिचे बारीक छर्रे रायफलीच्या गोळीइतके दूर जात नाहीत. कायद्यानेही तिला वेगळे स्थान दिले आहे : संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत बोअरची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला, नकाराची कारणे लागू होत नसतील तर, परवाना द्यावा असे कलम १३ मध्ये म्हटले आहे. मात्र छर्रे फवाऱ्यासारखे पसरतात, त्यामुळे नेम धरावा लागत नाही, हा समज सोडून द्यावा. खोलीच्या अंतरावर छर्रे वीतभरही पसरत नाहीत. नेम धरावाच लागतो, आणि मोठ्या आकाराचे एलजी किंवा एसजी छर्रे पातळ भिंत सहज ओलांडतात.

जुनी बंदूक हाती घेण्यापूर्वी जाणकार शस्त्रदुरुस्ती कारागिराकडून तपासून घ्यावी. नळ्या उजेडाकडे धरून आतून पाहिल्या की गंजाचे खड्डे दिसतात. बाहेरून बोट फिरवले तर कोठे फुगवटा असेल तो लागतो. नळ्यांच्या पृष्ठभागावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसली तर त्या लोखंड आणि पोलाद पिळून बनवलेल्या, बंदुकीच्या काळ्या दारूच्या काळातील नळ्या आहेत, आणि त्यांतून आजचे काडतूस कधीही उडवू नये. जुन्या विलायती दुनळ्यांत काडतुसाचे घर अडीच इंचांचे असते. त्यात पावणेतीन इंचांचे काडतूस बसते खरे, पण उडवल्यावर त्याचे तोंड उघडण्यास जागा नसल्यामुळे दाब धोकादायक वाढतो. वडिलांच्या वेळची दमट होऊन फुगलेली कागदी काडतुसे घरात राहिली असतील तर तीही विनापरवाना ठरतात. ती वापरू नयेत, टाकूनही देऊ नयेत. पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करावीत. परवाना मिळाल्यावर खडकीच्या कारखान्याची ‘शक्तिमान’ काडतुसे मिळतात, पण ती बंदुकीतील काडतुसाच्या घराच्या मापाशी जुळतात का हे आधी पाहावे.

विक्रेत्याकडे जमा असलेल्या बंदुकीवर ठरलेल्या मुदतीत हक्क सांगितला नाही तर जिल्हा दंडाधिकारी ती सरकारजमा करू शकतात. म्हणून घ्यायची की नाही हा निर्णय लांबवू नये. शस्त्र नियम २०१६ मधील २५ व्या नियमानुसार परवानाधारकाच्या निधनानंतर कायदेशीर वारसाला परवाना मिळू शकतो. पोलिसांचा अहवाल, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षा प्रशिक्षण आणि सुरक्षित साठवणुकीचे हमीपत्र ही सारी पूर्तता मात्र वारसालाही करावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांसाठी मिळतो आणि एका व्यक्तीला दोनच बंदुका बाळगता येतात. आपल्याकडे परवान्याची हाव किती आहे हे प्रशासनालाही ठाऊक आहे. २००८ मध्ये शिवपुरीत नसबंदी करणाऱ्या पुरुषांना परवान्यात प्राधान्य देऊ केले गेले आणि २०१९ मध्ये ग्वाल्हेरला अर्जदारांना दहा झाडे लावण्याची अट घातली गेली. या हावेतूनच कोणीतरी आपल्याला देशी कट्ट्याचा ‘झटपट’ मार्ग सुचवील. विनापरवाना बंदुकीला किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे, आणि कट्ट्याची नळी चालवणाऱ्याच्याच हातात फुटते.

आता साठवणुकीविषयी, ज्यावर माझ्या मते सारा निर्णय अवलंबून आहे. घरात दोन मुले असताना बंदूक भरलेली ठेवता येणार नाही. ती उघडून, रिकामी करून, भिंतीत पक्क्या बसवलेल्या लोखंडी कपाटात ठेवावी लागेल, काडतुसे वेगळ्या कुलपात असतील आणि दोन्ही किल्ल्या फक्त परवानाधारकाकडे राहतील. यात कोठेही सूट घेऊ नये. अमेरिकेत १९९३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बंदूक असलेल्या घरांत हत्येचा धोका २.७ पट आढळला होता, आणि ती वाढ मुख्यतः घरच्या किंवा निकटच्या माणसाकडून झालेल्या हत्यांची होती. तेथील समाज वेगळा आहे हे मान्य करूनही, एकाच छताखाली राग, दारू किंवा दुःख आणि भरलेली बंदूक एकत्र आली तर काय होते हे समजण्यासाठी अमेरिकेला जावे लागत नाही.

अशा रीतीने कुलपात ठेवलेली बंदूक अंधारात, घाबरलेल्या अवस्थेत बाहेर काढून भरण्यास काही मिनिटे लागतात. तेवढी मिनिटे आपल्याला दरवाजाने मिळवून दिली पाहिजेत. तो पहिल्या धक्क्यातच उघडत असेल तर बंदूक कपाटातच राहील, किंवा चोराच्या हाती लागेल. म्हणून पैसा आधी दिंडी दरवाजाच्या आतल्या अडसरावर, गच्चीकडून जिन्यात उतरणाऱ्या दारावर (जुन्या वाड्यांत गच्च्या एकमेकींना लागून असतात, आणि हेच दार सर्वांत कच्चे असते), चौकातल्या दिव्यावर आणि घंटेवर खर्च करावा. एक आतली खोली अशी ठरवावी की आवाज होताच सर्वांनी तेथे जमावे, दार आतून लावावे आणि ११२ वर फोन करावा. ही व्यवस्था झाली म्हणजे बंदुकीचे काम एवढेच उरते की त्या खोलीचे दार कोणी फोडू लागला तर आत कोणीतरी सज्ज असावे.

कायदाही याच ठिकाणी आपल्या बाजूने सर्वांत ठामपणे उभा राहतो. भारतीय न्याय संहितेच्या ४१ व्या कलमानुसार सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी झालेल्या घरफोडीविरुद्ध मालमत्तेच्या बचावाचा हक्क हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो, पण ३७ व्या कलमानुसार आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करता येत नाही आणि सरकारी मदत घेण्यास वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. ४३ व्या कलमानुसार तो हक्क घरफोडीने सुरू झालेली घुसखोरी चालू असेपर्यंतच टिकतो. चोर गच्चीवरून उडी मारून गल्लीत पळू लागला की त्याच्या पाठीवर झाडलेली गोळी बचावाची ठरणे फार अवघड आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या दर्शन सिंह खटल्यात स्पष्ट केले आहे की हा हक्क बचावासाठी आहे, शिक्षा किंवा सूड यांसाठी नाही. आणि त्याच निकालात हेही मान्य केले आहे की प्राणावर बेतले असताना माणसाकडून तराजूने तोलून प्रतिकाराची अपेक्षा करता येत नाही. गोळी झाडण्यापूर्वी समोर कोण आहे हे उजेडात पाहणे मात्र कोणत्याही स्थितीत सुटत नाही. रात्री दीड वाजता न कळवता नोएडाहून आलेला मुलगाही त्याच जिन्यावरून वर येतो.

माझे मत असे की दरवाजे आणि दिवे यांचे काम लगेच करावे, दुनळीसाठी वारसाचा अर्ज मुदतीत करावा, पण लोखंडी कपाट भिंतीत बसवून होईपर्यंत आणि आपण किंवा सूनबाई यांच्यापैकी परवाना घेणाऱ्याने प्रशिक्षणात प्रत्यक्ष काडतुसे उडवून पाहीपर्यंत ती विक्रेत्याकडेच राहू द्यावी. बारा बोअरचा धक्का खांद्याला सोसत नाही असे तेव्हा आढळले, किंवा नातवाच्या स्वभावाविषयी मनात जराही शंका असली, तर ती कायमची विकून टाकावी. वडिलांची आठवण म्हणून ती घरात ठेवू नये.

प्रश्न : मी आणि माझी आई ग्वाल्हेरच्या थाटीपूर भागात दोघीच राहतो. परवान्याच्या भानगडीत न पडता एअर पिस्तूल ठेवले तर चालेल का? स्त्रियांसाठी खास बनवलेल्या ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हरविषयीही ऐकले आहे. — एक वाचक, थाटीपूर

उत्तर : .१७७ बोअरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जा नसलेल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, पण घराच्या रक्षणासाठी ते घेऊ नये. त्याने हल्लेखोर थांबत नाही. दिसायला मात्र ते खऱ्या पिस्तुलासारखे असल्यामुळे समोरच्याजवळ कट्टा असेल तर तो तुमच्यावर आधी चालवील. ‘निर्भीक’ हे कानपूरच्या कारखान्याने २०१४ मध्ये आणलेले, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे .३२ रिव्हॉल्व्हर आहे. ते हलके आहे, पण त्यासाठीचा परवाना इतर रिव्हॉल्व्हरसारखाच लागतो, आणि हलक्या शस्त्राचा झटका हाताला अधिक बसतो, म्हणून सराव अधिक करावा लागतो. तुम्हा दोघींसाठी आज मी तिखटाचा स्प्रे सुचवीन. त्याला परवाना लागत नाही. तो दाराजवळ आणि पलंगाजवळ असा दोन ठिकाणी ठेवावा, डब्यावरील मुदतीची तारीख पाहत जावी आणि एकदा मोकळ्या जागेत वाऱ्याची दिशा पाहून दाबून बघावा, कारण बंद खोलीत तो मारणाऱ्याच्या डोळ्यांतही जातो. फवारल्याबरोबर खोलीबाहेर पडून दार ओढून घ्यायचे, हे आईशीही आधीच बोलून ठेवावे.