गाडीचा एसी दर दोन महिन्यांनी गार करणं थांबवतो. शोरूमवाले फक्त गॅस भरून देतात आणि 'गॅस वॉरंटीत येत नाही' म्हणतात. काय करावं?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: गाडी दोन वर्षांची, कंपनीची वॉरंटी चालू. मार्चमध्ये एसी गार करेना म्हणून शोरूमच्या वर्कशॉपला दिली, त्यांनी गॅस भरला, पैसे घेतले. मे महिन्यात पुन्हा तेच. आता तिसरं बिल हातात आहे आणि ॲडव्हायझर म्हणतो, "सर, गॅस कन्झ्युमेबल आहे, तो क्लेममध्ये बसत नाही." कन्झ्युमेबल म्हणजे वापरता वापरता संपणारी वस्तू.

मी नागपुरात एका डीलरकडे वॉरंटीचं टेबल सांभाळायचो. आता ते काम सोडलंय, त्यामुळे टेबलापलीकडची बाजूही सांगतो.

गाडीतला एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तोच तो गॅस कॉम्प्रेसर, कंडेन्सर आणि कूलिंग कॉइल यांतून गोल फिरत राहतो. घरच्या फ्रिजमध्ये आपण दर उन्हाळ्यात गॅस भरतो का? गाडीत रबरी पाइप असतात, कॉम्प्रेसरच्या शाफ्टला सील असतं, त्यामुळे वर्षानुवर्षांत थोडाफार झिरपतो हे खरं. पण दोन वर्षांच्या गाडीत दोन महिन्यांत एसी बसतो, म्हणजे कुठेतरी सरळ सरळ लीकेज आहे. लीकेज असलेला भाग मग कॉइल असो, कंडेन्सर असो, पाइप असो की साधी ओ-रिंग, त्यात बनावटीचा दोष असेल तर तो वॉरंटीत बसतो. 'गॅस वॉरंटीत येत नाही' हे वाक्य नुसत्या टॉप-अपपुरतं खरं आहे. वॉरंटीत पार्ट बदलताना जो गॅस आणि जे तेल लागतं, ते बहुतेक कंपन्या त्याच क्लेममध्ये धरतात. तुमच्या वॉरंटी पुस्तिकेत कन्झ्युमेबलच्या यादीखाली ही सवलत बारीक अक्षरांत दिली आहे का ते बघा. सापडली तर फोटो काढून ठेवा.

मग ते लीकेज शोधत का नाहीत? माणसं वाईट असतात म्हणून नव्हे. हिशेबच तसा असतो. वॉरंटीच्या कामाचे पैसे डीलरला कंपनीकडून मिळतात. ठरलेल्या कामाला ठरलेले तास, त्याच दराने. जुना पार्ट टॅग लावून जपायचा, फोटो चढवायचे, आणि पुढे कधीतरी ऑडिटरला तो क्लेम पटला नाही तर दिलेले पैसे परत कापले जातात. त्यात कूलिंग कॉइल असते डॅशबोर्डच्या मागे. बऱ्याच गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, एका टेक्निशियनचा दिवस जातो, आणि उतरवून काहीच सापडलं नाही तर तो दिवस डीलरच्या खात्यात. उलट गॅस टॉप-अप तासाभरात होतो आणि पैसे रोख. एप्रिलमध्ये वर्कशॉपबाहेर गाड्यांची रांग लागलेली असताना ॲडव्हायझर कुठला रस्ता धरेल ते सांगायला नको.

म्हणून भांडण 'गॅस फुकट द्या' असं करू नका. मागणी एकच ठेवा: लीकेज कुठे आहे ते शोधा आणि जॉब कार्डवर, म्हणजे गाडी घेताना वर्कशॉप तक्रार आणि काम लिहितं त्या कागदावर, लिहून द्या.

यात सगळ्यात उपयोगी पडतो तो ग्रॅमचा आकडा. बॉनेट उघडलं की आत कुठेतरी एक छोटा स्टिकर असतो. त्यावर गॅसचा प्रकार, बहुतेक आर-१३४ए, आणि किती ग्रॅम भरायचा ते छापलेलं असतं. लहान गाड्यांत साधारण अर्ध्या किलोच्या आसपास. वर्कशॉपचं मशीन गाडीतला उरलेला गॅस ओढून घेतं तेव्हा तो किती निघाला ते स्क्रीनवर दाखवतं. छापील आकड्यातून निघालेला गॅस वजा केला की किती गळाला ते कळतं. नुसता गेज लावून "प्रेशर बरोबर आहे" म्हणणाऱ्यावर विसंबू नका. बंद गाडीत, आत थोडा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असेल तरी प्रेशर तापमानावर ठरतं, वजनावर नाही. निम्मा गॅस गेलेला असला तरी काटा तिथेच उभा राहू शकतो.

आमच्याकडे एक शिक्षिका यायच्या. आवाज चढवून बोलल्याचं कधी आठवत नाही. तिसऱ्या वेळी त्या आल्या तेव्हा प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आधीची दोन्ही बिलं आणि बॉनेटमधल्या स्टिकरचा फोटो होता. ॲडव्हायझरने जॉब कार्डवर 'एसी कूलिंग कमी' असं लिहिलं. त्यांनी पेन मागून घेतलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'गॅस काढल्यावर किती ग्रॅम निघाला ते लिहावे. लीकेज शोधल्याशिवाय गॅस भरू नये.' मग सही केली आणि कार्डाचा मोबाइलवर फोटो काढून घेतला. छापील आकडा ४५० होता, मशीनने काढला २९०. मागच्याच बिलात 'गॅस फुल' असं आमच्याच सिस्टिममध्ये नोंदलेलं. आता हा कागद कंपनीच्या इंजिनिअरसमोर गेला तर उत्तर काय देणार? दुसऱ्या दिवशी सकाळी डॅशबोर्ड उतरला. कॉइलच्या खालच्या कडेला, जिथे ओल साचून राहते तिथे, तेलकट डाग होता, आणि यूव्ही टॉर्च मारल्यावर तो पोपटी चमकला. कॉइल आणि गॅस, दोन्ही क्लेममध्ये गेलं.

तेव्हा जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत लिहून घ्या. 'कूलिंग कमी' एवढं पुरेसं नाही. लक्षण नेमकं सांगितलं तर रोग निम्मा हाती येतो. गाडी पळताना गार आणि सिग्नलला उभी राहिली की कोमट, असं असेल तर संशय गॅसवर नको, आधी कंडेन्सरच्या फॅनवर घ्या. सुरुवातीला छान गार, मग हवेचा जोरच कमी होत जातो आणि थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा ठीक, तर कॉइलवर बर्फ धरतोय. गाडी गरम झाल्यावर कॉम्प्रेसर पकडतच नाही, पण थंड झाली की पकडतो, तर कॉम्प्रेसरच्या क्लचचा गॅप वाढला असण्याची शक्यता मोठी. तिथे कितीही गॅस ओता, काही होणार नाही. एका बाजूच्या जाळीतून गार आणि दुसरीकडून गरम हवा असेल तर आतला झडप फिरवणारा मोटर बघायला सांगा, आणि ब्लोअर जोरात फिरूनही वारा येत नसेल तर आधी एसी फिल्टर. तुमच्यासारखं दर आठवड्याला थोडं थोडं कमी होत जाणारं गारपण हे मात्र लीकेजचंच लक्षण.

"बाहेर ४४ आहे सर, एसी तरी काय करणार" हे वाक्य विदर्भात आणि खानदेशात हमखास ऐकायला मिळतं. त्यावर उपाय सोपा आहे. एक साधा थर्मामीटर मधल्या जाळीत खोचा, आतली हवा फिरवायचं बटण दाबा, आणि त्यांच्याच आवारात त्याच मॉडेलची दुसरी गाडी शेजारी लावून दोन्हींचं तापमान मोजायला सांगा. वाद तिथेच मिटतो.

लीकेज शोधण्याबद्दल थोडं खोलात सांगतो, कारण तुम्हाला इथेच गुंडाळतील. "व्हॅक्यूम केला, धरून राहिला, लीकेज नाही" असं म्हणतील. व्हॅक्यूममध्ये, म्हणजे आतली हवा ओढून काढल्यावर, बाहेरून आत येणारा दाब वातावरणाचाच, जेमतेम १५ पीएसआय. गाडी चालू असताना कंडेन्सरच्या बाजूला २०० पीएसआयच्या पुढे दाब असतो. बारीक छिद्र व्हॅक्यूमला गप्प बसतं आणि दाबाखाली उघडं पडतं. म्हणून नायट्रोजन भरून प्रेशर टेस्ट मागा. सिस्टिममध्ये यूव्ही डाय, म्हणजे यूव्ही टॉर्चखाली चमकणारा रंग, टाकून काही दिवस गाडी चालवली तर जोडांवरची गळती दिसते. कॉइल मात्र डब्यात बंद असते, तिथे टॉर्च पोहोचत नाही. त्यासाठी युक्ती अशी: गाडी बंद करून पंधरा-वीस मिनिटं उभी ठेवायची आणि मग गाडीखाली एसीचं पाणी जिथून गळतं त्या ड्रेन पाइपच्या तोंडाशी इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर धरायचा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली उतरून तिथेच येतो. डिटेक्टर ओरडला की डॅशबोर्ड न उघडताही निकाल लागला, आणि ॲडव्हायझरची ती 'उघडून काही निघालं नाही तर?' ही भीतीही जाते.

आणखी एक दुखणं वेगळ्या जातीचं आहे: कॉम्प्रेसर बदलला आणि काही महिन्यांत नवाही गेला. जुना कॉम्प्रेसर आतून झिजून मेला असेल तर त्याचा धातूचा चुरा सगळीकडे पसरलेला असतो. ड्रायर आणि एक्सपान्शन व्हॉल्व्ह बदलून, पाइप धुऊन मगच नवा बसवायचा असतो. हल्लीच्या कंडेन्सरच्या नळ्या इतक्या बारीक असतात की तो धुऊन साफ होत नाही, बदलावाच लागतो. क्लेममध्ये फक्त कॉम्प्रेसर मंजूर होऊन बाकीचं तसंच राहिलं असेल तर पुढचा कॉम्प्रेसर जाणार हे आजच लिहून ठेवा.

नकार कुठे रास्त असतो तेही सांगतो. कंडेन्सर पुढच्या जाळीमागे असतो. हायवेवरचा दगड लागून भोक पडलं तर ती वॉरंटी नव्हे, फार तर विम्याचा ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, क्लेम. पण छोट्या गाडीला हजार आणि १५०० सीसीच्या वर दोन हजार रुपये आधी आपल्या खिशातून जातात, शिवाय नो क्लेम बोनस बुडतो, तेव्हा आकडेमोड करूनच दावा लावा. उंदरांनी वायर कुरतडली तर कंपनी हात वर करते, आणि तंबाखूची पुडी बॉनेटमध्ये टांगून उंदीर थांबल्याचं माझ्या पाहण्यात नाही. बाहेरून वायर कापून म्युझिक सिस्टिम किंवा सीएनजी किट बसवलं असेल तरी क्लेम अडकतो.

बाहेरच्या गॅरेजला दाखवलं म्हणजे अख्खी वॉरंटी गेली, असं जे धमकावतात ते मात्र तितकं सरळ नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ कार कंपन्यांना दंड केला, त्या आदेशात हेच म्हटलं होतं: बाहेरच्या दुरुस्तीमुळे नुकसान झालं असेल तर तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येते. प्रकरण पुढे अपिलांत गेलं आणि प्रत्यक्षात शोरूमशी हा वाद घालणं दमवणारं आहे. म्हणून बाहेर फक्त तपासून घ्या, लेखी मत घ्या, स्पॅनर लावू देऊ नका.

आता कागद. डीलर आणि कंपनीचा कस्टमर केअर या दोघांना एकाच वेळी ईमेल करा. फोनवर बोललात तरी त्या दिवशीच 'आज आपलं असं बोलणं झालं' म्हणून ईमेल टाका. तिन्ही जॉब कार्डांचे क्रमांक, तारखा, किलोमीटर, भरलेला गॅस, आणि एकच मागणी: कंपनीच्या एरिया इंजिनिअरच्या समोर लीकेज तपासणी. हा माणूस ठरावीक दिवशी वर्कशॉपला येतोच, आणि डीलरला क्लेम कापला जाण्याची जी भीती असते ती त्याच्या होकाराने संपते. माझ्या टेबलावरची अर्धी अडलेली प्रकरणं त्याच्या एका सहीने सुटायची. वॉरंटी संपत आली असेल तर घाई करा. मुदतीच्या आत नोंदवलेली तक्रार मुदतीनंतरही तुमच्या बाजूने उभी राहते. मुदत नुकतीच उलटली असेल तरी जुने जॉब कार्ड दाखवून 'गुडविल' मागा, निम्मा-पाऊण खर्च कंपनी उचलू शकते.

त्यानेही भागलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असो की चेन्नईला. वकील सक्तीचा नाही. खरेदीसाठी तुम्ही मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करा.

तिथे 'गाडीच बदलून द्या' म्हणून हट्ट धरू नका. मारुती उद्योगच्या एका प्रकरणात २००६ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की वॉरंटीची जबाबदारी सदोष पार्ट दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची असते, एवढ्यासाठी गाडी बदलून मागता येत नाही. शिवाय उत्पादनातला दोष सिद्ध करायला बहुतेक वेळा तज्ज्ञाचा अहवाल लागतो. पार्ट बदलून द्या, गॅसचे घेतलेले पैसे परत करा, आणि त्रासाची भरपाई द्या, एवढी मागणी पदरात पडण्याजोगी आहे.

कॉइल बदलून गाडी मिळाली की लगेच सही करू नका. जुनी कॉइल बघायला मागा. नव्या भरणाचे ग्रॅम बिलावर आहेत ना ते पाहा. मग ॲडव्हायझरला शेजारी बसवून एखाद्या खराब रस्त्यावरून फेरी मारा. डॅशबोर्ड उतरवलेला असतो, क्लिपा सैल राहिल्या तर खडखड त्याच दिवशी ऐकू येते. एसी अर्धा तास चालवून गाडीखाली पाणी पडतंय का ते बघा, कारण ड्रेन पाइप नीट बसला नसेल तर तेच पाणी डाव्या सीटच्या मॅटखाली उतरतं आणि पंधरा दिवसांनी वास यायला लागतो.