अकाऊंट उडवू की नको?

प्रश्न: ताई नमस्कार, मी बेळगावातल्या वडगावची, वय ३६, घरीच ब्लाऊज शिवते. फेसबुक आणि इन्स्टा दोन्ही कायमचं बंद करायचं म्हणतेय. झालं असं की १ नोव्हेंबरला, म्हणजे सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा आम्हा मराठी लोकांचा काळा दिन, त्याच्या सायकल फेरीचा मी फोटो टाकला, त्याखाली शेजारच्या अक्कांच्या पोरानं कन्नडमधून काहीतरी लिहिलं, मी पण तोंडाला येईल ते लिहिलं, मग कुठले कुठले लोक येऊन दोन्हीकडून शिव्या घालून गेले. पंधरा वर्षांचं आमचं जाणं-येणं, आता अक्का गॅलरीत दिसल्या की मी आत पळते. दसऱ्याला होळगी घालून दिलेला त्यांचा डबा अजून माझ्या ओट्यावर पडलाय, खाली कन्नडमधून नाव कोरलेलं. रात्री एक-एक वाजेपर्यंत कॉमेंट वाचत बसते आणि सकाळी सुईत दोरा ओवताना डोळे चुरचुरतात. पण ऑर्डरी तिथूनच येतात हो. मिस्टर म्हणतात अ‍ॅप काढून टाक, संपलं.

उत्तर: संपत काही नाही बघ. अ‍ॅप काढलंस तरी अकाऊंट तिथंच राहतं, लोक लिहीत राहतात, फक्त तुला दिसत नाही, आणि चार दिवसांनी ब्राऊझरमधून डोकावतेसच (मी स्वतः तीनदा केलंय हे). डीअ‍ॅक्टिव्हेट केलंस तर प्रोफाईल झाकलं जातं, मनात आलं की परत उघडतं, म्हणजे दाराला नुसती कडी. कायमचं जायचं तर डिलीट. त्याला ३० दिवसांची मुदत असते, तेवढ्यात लॉगइन करून रद्द करता येतं, नंतर नाही. इन्स्टाचं वेगळं करावं लागतं हं, एकाबरोबर दुसरं आपोआप जात नाही.

त्याआधी शिवलेल्या ब्लाऊजचे फोटो डाऊनलोड करून घे. दुकानाचं पेज असेल आणि त्याची अ‍ॅडमिन तू एकटीच असशील तर ते पण जाईल, म्हणून मिस्टरांना अ‍ॅडमिन करून ठेव. ऑर्डरीसाठी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस फुकट आहे, त्यात कॅटलॉग लावता येतो, गळ्याचे नमुने, बाह्या, शिलाई सगळं एकदा टाकलं की झालं. आणि दारावर एक पाटी लाव, मराठी-कन्नड दोन्हीत, वडगावात राहून तुझ्या निम्म्या गिऱ्हाइकांशी तू माप घेताना कन्नडच बोलत असशील की.

आता खरं सांगू? तू अकाऊंट उडवायला निघालीस ते झोपेसाठी असेल तर बेशक उडव. पण मला वाटतंय ते अक्कांसाठी आहे, आणि तिथं त्याचा उपयोग नाही, तू फेसबुकवरून गायब होशील, गॅलरी आहे तिथंच राहणार. सीमाप्रश्न १९५६ पासूनचा आहे, २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो काय तुझ्या कॉमेंटवर अडलेला नाही. फेरीला जायचं तर जा, मी पण जाते. शिव्या घालून गेले त्यातले किती जण वडगावच्या मंगाईच्या जत्रेला आले असतील, विचार कर. अक्का दरवर्षी येत असणार, तुझ्याबरोबरच.

तेव्हा आधी ती पोस्ट काढ. मग डबा घासून त्यात काहीतरी घाल, रिकामा नेऊ नकोस, चकली चालेल, आणि दुपारी जा, पोरगा घरात नसताना. फेसबुकचा विषय तू काढूच नकोस. त्यांनी काढला तर "चुकलंच माझं" एवढं म्हण, कोणाचं किती चुकलं ते मोजत बसायचं नाही.

डिलीट त्यानंतर कर. आणि घरातल्या दुसऱ्या कुठल्या मोबाईलवर तुझा पासवर्ड सेव्ह असेल तर तो आधी काढ. माझ्या बहिणीचं काय झालं, पंचविसाव्या दिवशी भाच्यानं रील बघायला तिच्या नावानं लॉगइन केलं, समोर आलं ते बटण दाबलं, डिलीट रद्द. बाई परत पहिल्यापासून दिवस मोजायलीय.