इनडोअर फुटबॉल खेळून कोच होता येतं का?

प्रश्न : माझी बहीण बरीच वर्षं अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात आहे. भाचा तिथल्या एका डिव्हिजन टू (म्हणजे दुसऱ्या श्रेणीच्या) कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून संघाची चाल चालवणारा खेळाडू, होता. शेवटचा सीझन संपला. एनएफएल, म्हणजे तिथली सगळ्यात मोठी व्यावसायिक लीग, तिच्यातून कुणी विचारलंसुद्धा नाही. आता एका इनडोअर संघाने त्याला बोलावलंय आणि तो म्हणतो, "मावशी, दोन वर्षं खेळतो, मग कोचिंग करतो." बहीण आणि मेहुणे म्हणतात, बिझनेसची डिग्री हातात आहे, गपचूप नोकरी धर. हा इनडोअर प्रकार खरा फुटबॉल आहे का? आणि त्यातून कोचिंगची वाट खरंच निघते का?
— एक मावशी

उत्तर : ताई, वाट निघते. फक्त ती टचडाउनच्या (चेंडू समोरच्या टोकापलीकडे नेऊन गुण मिळवण्याच्या) आकड्यांवरून जात नाही, आणि तुमच्या भाच्याच्या डोक्यात बहुधा तेच असणार.

आधी खेळ समजून घ्या. जिम फॉस्टर नावाच्या गृहस्थांनी 1981 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इनडोअर सॉकरचा सामना बघता बघता एका पाकिटावर या मैदानाचा आराखडा काढला. 1987 मध्ये चार संघ घेऊन अरीना फुटबॉल लीग सुरू झाली. आइस हॉकीच्या रिंकवर हिरवी चटई अंथरायची, कडेच्या फळ्यांना गाद्या बांधायच्या, झालं मैदान. लांबी 50 यार्ड, म्हणजे बाहेरच्या मैदानाच्या निम्मी. रुंदी 85 फूट. बाहेर ती 160 असते. अकराऐवजी आठ खेळाडू. पंट, म्हणजे चेंडू लाथेने लांब उडवून समोरच्या संघाला देणं, इथे नाही, त्यामुळे चौथ्या डाउनला (चार प्रयत्नांतल्या शेवटच्याला) एक तर पुढे सरका, नाहीतर फील्ड गोल, म्हणजे लाथेने गोलपोस्टमधून चेंडू, मारा. गोलपोस्टच्या दोन्ही बाजूंना ताणलेली जाळी असते आणि तिच्यावर आपटून परत आलेला चेंडू खेळातच धरतात, अंगणातल्या क्रिकेटमध्ये कंपाउंडची भिंत धरतात तसा. या जाळीचं पेटंट होतं, म्हणून बाकीच्या इनडोअर लीगना बरीच वर्षं तिच्याशिवायच खेळावं लागलं. भाच्याचं बोलावणं कुठल्या लीगचं आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. नियम त्याप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतील.

मी आयोवात नोकरीला असताना अशाच एका संघाच्या सामन्यांना आकडे लिहायला बसत असे. आमचं टेबल फळीला अगदी खेटून, त्यामुळे कधीमधी एखादा रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) फळीवरून थेट कागदांवर येऊन पडायचा. तिथून जे दिसतं ते टीव्हीवर दिसत नाही. अरीनाच्या नियमांत एका रिसीव्हरला स्नॅपच्या, म्हणजे चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देण्याच्या, आधीपासून पुढच्या दिशेने धावत यायची मुभा असते. एनएफएलमध्ये वा कॉलेजात हे चालत नाही. तो मागून सुसाट येतो, आणि चाल जिथून सुरू होते त्या रेषेपाशी तो पोचेल नेमक्या त्याच क्षणी चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात पडायला हवा. रिसीव्हर अर्धं पाऊल पुढे गेला की फाउल. स्नॅप लवकर झाला तर त्या धावेचा फायदाच गेला. आमच्या क्वार्टरबॅकने सरावाच्या चटईवर पांढऱ्या टेपचे तुकडे चिकटवले होते आणि सराव संपल्यावर तो नव्या पोरांना घेऊन तिथे उभा राहायचा. "या टेपवर डावा पाय पडला की मी हट (स्नॅपची हाक) म्हणणार. उजवा पडला तर परत मागे जा." पुन्हा, पुन्हा, पुन्हा. हेड कोच तोवर ऑफिसात बसच्या प्रवासाचं बघत असायचा.

ताई, कोचिंग म्हणतात ते हेच. एनएफएलच्या संघात कोचांची फौज असते. क्वार्टरबॅकसाठीच एक वेगळा कोच. इनडोअर संघात एक हेड कोच आणि दोन-तीन मदतनीस, त्यातला एखादा दिवसा दुसरीकडे नोकरी करणारा. म्हणून फिल्म (सामन्यांचं चित्रीकरण) बघणं, प्लेबुकमधली (चालींच्या वहीतली) पानं उडवणं, बुधवारी दाखल झालेल्या रिसीव्हरला शनिवारच्या सामन्यासाठी तयार करणं, सगळं हळूहळू क्वार्टरबॅकच्या गळ्यात पडतं. ज्याला ते गळ्यात पडलंय असं वाटतं त्याने नोकरी धरावी. ज्याला त्यात मजा येते तो कोच होतो.

घड्याळाचंही असंच. अरीना लीगमध्ये घड्याळ जवळजवळ सतत चालू राहायचं, पण प्रत्येक हाफच्या शेवटच्या मिनिटाला ते बाहेरच्या फुटबॉलसारखं थांबायला लागायचं. शिवाय अखेरच्या मिनिटात आघाडीवर असलेल्या संघाला चेंडू रेषेपुढे न्यावाच लागे, नाहीतर घड्याळ बंद. म्हणजे कॉलेजात करतात तसं चेंडू घेऊन जागीच गुडघा टेकवून वेळ काढायची सोय नाही. तीन गुणांनी पुढे आहात, चाळीस सेकंद उरलेत, आता काय? हे कोड्यासारखं दर आठवड्याला सोडवावं लागतं. बाहेरचे कोच यावर वहीत तक्ते करून ठेवतात. इथला क्वार्टरबॅक ते मार खात खात शिकतो.

या वाटेने गेलेली माणसं हवीत? शॉन पेटन, ईस्टर्न इलिनॉयचा क्वार्टरबॅक. 1987 मध्ये अरीना लीगच्या पहिल्याच सीझनमध्ये खेळला, पुढच्या वर्षी इंग्लंडात लेस्टरला जाऊन खेळला, मग सॅन डिएगो स्टेट विद्यापीठात ग्रॅज्युएट असिस्टंट (शिकता शिकता मदतनीस कोच) म्हणून लागला. पुढे त्याच्या हाताखाली न्यू ऑर्लीन्स सेंट्सने सुपर बोल, म्हणजे एनएफएलची फायनल, जिंकला. जे ग्रुडेन, लुईव्हिलचा. टॅम्पा बे स्टॉर्मकडून खेळाडू म्हणून चार अरीनाबोल (अरीना लीगच्या फायनल) जिंकल्या, ओरलँडो प्रेडेटर्सचा कोच म्हणून आणखी दोन, आणि 2014 मध्ये एनएफएलच्या वॉशिंग्टन संघाचा हेड कोच. क्लिंट डोलेझलने अरीनात 900 हून जास्त टचडाउन पास टाकले, आणि तो त्याच खेळात राहून फिलाडेल्फिया सोलला 2016 आणि 2017 असे लागोपाठ दोन अरीनाबोल जिंकून देणारा कोच झाला. एनएफएलला पोचला तरच कोचिंगचं सार्थक, असं काही नाही.

पण भाच्याने बघावा तो मॅट नेगी. डेलावेअरचा क्वार्टरबॅक. अरीनात 2002 ते 2008 न्यूयॉर्क, कॅरोलायना, जॉर्जिया, कोलंबस असा हिंडला. दोन अरीनाबोल खेळला, दोन्ही हरला. 2008 च्या उन्हाळ्यात तो एनएफएलच्या फिलाडेल्फिया ईगल्सच्या कॅम्पात हेड कोच अँडी रीडकडे कोचिंगचा इंटर्न म्हणून गेला. त्याच्या साडेतीनशेहून अधिक टचडाउन पासांमुळे नव्हे हो! डेलावेअरचा त्याचा जुना सहकारी ब्रेट व्हीच तेव्हा ईगल्समध्ये कामाला होता, ती ओळख उपयोगी पडली. पुढे अरीना लीगने 2009 चा सीझनच रद्द केला. नेगीने मधल्या काळात घरं विकली, हायस्कूलच्या पोरांना शिकवलं, आणि ईगल्समध्ये अगदी तळातल्या पदावर परत शिरला. 2018 मध्ये तो शिकागो बेअर्सचा हेड कोच झाला, आणि पहिल्याच वर्षी कोच ऑफ द इयर.

आता पैसे. यावर पोटभर जेवण होणार नाही, हे बहिणीला स्पष्ट सांगा. 2010 मध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या अरीना लीगमध्ये खेळाडूला सामन्यामागे 400 डॉलर मिळत होते. पण इनडोअरचा सीझन वसंतात सुरू होऊन उन्हाळ्यात संपतो, आणि हायस्कूल, कॉलेजचा फुटबॉल शरद ऋतूत असतो. म्हणजे जुलै-ऑगस्टला मोकळा झाला की त्याने तडक एखाद्या हायस्कूलमध्ये मदतनीस कोच म्हणून उभं राहावं, पगार नाममात्र असला तरी. दोन वर्षांनी अर्ज करताना "इनडोअर खेळलो" याच्या शेजारी "दोन सीझन पोरं शिकवली" हे असलं पाहिजे. मग ग्रॅज्युएट असिस्टंट : कॉलेजच्या संघात पडेल ते काम करायचं, त्या बदल्यात मास्टर्सची फी आणि थोडा भत्ता. म्हणजे डिग्री वाया जात नाही, उलट तीच इथे लागते. मेहुण्यांना हा मुद्दा पटेल.

माझं मत विचाराल तर जाऊ द्या. दोन वर्षं, तिसरं नको.

प्रश्न : इनडोअरमधून कर्ट वॉर्नर सुपर बोलपर्यंत पोचलाच ना? मग खेळाडू म्हणूनच स्वप्न का बघू नये?
— एक विद्यार्थी

उत्तर : बघा की. 1994 मध्ये एनएफएलच्या ग्रीन बे संघाने काढल्यावर वॉर्नर आयोवातल्या सीडर फॉल्सच्या दुकानात तासाला साडेपाच डॉलरवर माल लावत होता, तीन वर्षं अरीना लीगच्या आयोवा बार्नस्टॉर्मर्सकडून खेळला, आणि 1999 च्या सीझनमध्ये सेंट लुईस रॅम्सकडून एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडूचा किताब) आणि सुपर बोल दोन्ही घेऊन गेला. गोष्ट शंभर टक्के खरी. पण इतकी वर्षं झाली तरी सगळे त्याचंच नाव घेतात, यातच काय ते समजा.

प्रश्न : या लीग बंद पडतात असं वाचलं. करारावर सही करण्याआधी काय बघावं?
— एक पालक

उत्तर : पडतात. अरीना लीग 2009 नंतर एकदा उभी राहिली, 2019 मध्ये पुन्हा दिवाळखोरीत गेली, 2024 मध्ये कुणी तरी परत सुरू केली तर सीझन सुरू होऊन काही आठवडे जात नाहीत तोच संघ गळायला लागले. म्हणून पगार दर सामन्यानंतर मिळणार का, दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोण देणार, राहायची खोली कराराच्या कागदावर लिहिली आहे की नुसती तोंडी, एवढं आधी विचारून घ्या. आणि कोच व्हायचं असेल तर प्रत्येक सामन्याची फिल्म त्याच आठवड्यात स्वतःकडे उतरवून ठेवा. कोचिंगच्या मुलाखतीत ती लावून "इथे मी प्ले (चाल) का बदलला" हे समजावता आलं पाहिजे, आणि संघ गुंडाळला की ती फिल्म मागायला फोन करणार कुणाला?